‘सॉरी’ आणि ‘अरेरे’

परकी भाषा शिकू लागलेल्या मनुष्याची अशी एक समजूत असते की, त्या भाषेत जे काही अवघड आहे ते सारे तिच्या लांबलचक शब्दांत साठविलेले आहे. म्हणून तो कोश उघडून बसतो, पाच-पाच सहा-सहा अवयवांचे शब्द पाठ करतो आणि ते तोंडात बसले म्हणजे भाषा हस्तगत झाली असे मानून समाधान पावतो. इंग्रजी शिकविण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली, आणि माझा अनुभव नेमका ह्याच्या उलट आहे. मोठे शब्द हे पाहुण्यांसारखे असतात. त्यांचे नाव, गाव, कुळ विचारून घेता येते, आणि एकदा ओळख पटली की ते सहसा दगा देत नाहीत. लहान शब्द हे घरच्या माणसांसारखे असतात. ते केव्हा कोठून आत येतात, केव्हा बाहेर जातात आणि कोणत्या क्षणी गप्प बसतात हे त्या घरातच वाढलेल्यांना कळते. ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या शब्दाला ‘राज्यघटना’ हा प्रतिशब्द सापडतो व त्यावर काम भागते. परंतु ‘ओह’, ‘वेल्’, ‘प्लीज’, ‘सॉरी’ ह्यांना प्रतिशब्द देण्याची वेळ आली की कोशकाराचीही लेखणी अडखळते.

उदाहरणादाखल ‘वेल्’ हाच शब्द घ्या. त्याचे आणि आपल्या ‘बरं’ ह्या शब्दाचे दैव किती सारखे! दोहोंचा मूळ अर्थ ‘चांगले’. दोन्ही शब्द तो अर्थ मागे टाकून बोलण्याच्या आरंभी येऊन बसले. ‘बरं, मग पुढे काय झालं?’ असे आपण विचारतो तेथे इंग्रजाने ‘वेल्’ म्हटले की अर्थ तंतोतंत जुळतो. पण ह्या साम्यावर विसंबून राहिले तर फसगत ठरलेली. ‘उद्या जेवायला येताय ना?’ ह्या प्रश्नावर मराठी मनुष्य नुसते ‘बरं’ म्हणाला तर यजमानीणबाईंनी खुशाल एक पान अधिक मांडावे. त्याच प्रश्नावर इंग्रज नुसते ‘वेल्…’ म्हणून थांबला तर पान मांडण्याची घाई करू नये. पाहुण्याच्या मनात काही अडचण आहे आणि ती सभ्यपणे कशी सांगावी ह्याचा तो विचार करीत आहे. एकच अर्थ घेऊन निघालेले दोन शब्द, परंतु एक होकाराला जाऊन पोचला आणि दुसरा नकाराच्या उंबरठ्यावर थबकला.

इंग्रजी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगतात आणि शेवटच्या जागी ‘इंटरजेक्शन’ म्हणजे उद्गारवाचक शब्दांना बसवितात. लॅटिनमध्ये ह्या नावाचा अर्थच मुळी ‘मध्ये टाकलेले’ असा आहे. आपल्या व्याकरणकारांनी त्यांना केवलप्रयोगी अव्यये म्हटले. वाक्याशी त्यांचा संबंध नाही, लिंगवचनाचा विकार नाही, म्हणून शिक्षक त्यांचा धडा दहा मिनिटांत उरकतात. शिवाय लोकांना असेही वाटते की, हे उद्गार म्हणजे मनुष्यमात्राच्या कंठातून आपोआप निघणारे स्वर आहेत, तेव्हा ते जगात सगळीकडे सारखेच असणार. एका उद्गाराच्या बाबतीत हे बरेचसे खरे ठरले आहे. हॉलंडमधील नायमेगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या भाषाशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे दाखवून दिले की, न ऐकू आलेले पुन्हा विचारण्यासाठी इंग्रज जो ‘हं?’ असा उद्गार काढतो, त्याच्यासारखाच आखूड, वर चढणारा उद्गार एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांतूनही आढळतो. ह्या संशोधनाला २०१५ साली ‘इग् नोबेल’ हे आधी हसविणारे व मग विचार करावयास लावणारे पारितोषिकही मिळाले. आपले ‘अं?’ त्याच गोत्रातले म्हणावयास हरकत नाही.

परंतु हा अपवाद होय. बोट चिमटले असता मराठी मूल ‘आई गं!’ म्हणते आणि इंग्रज मूल ‘आउच!’ म्हणते. दुःख एकच, पण एकाने आईला हाक मारली आणि दुसऱ्याने कोणालाच मारली नाही. सत्तरी उलटलेला मनुष्यसुद्धा गुडघ्याला हात लावून उठताना ‘आई गं’ म्हणतो, आणि तिला जाऊन तीस वर्षे झालेली असतात! उद्गार हे निव्वळ कंठाचे स्वर असते तर असे झाले नसते. ज्या घरात आपण वाढलो त्या घराची मांडणी त्यांत उतरलेली असते.

हीच गोष्ट हाक मारण्याच्या शब्दांवरून अधिक स्पष्ट होईल. इंग्रजीत ‘ओ’ आणि ‘ओह’ असे दोन उद्गार आहेत व त्यांत इंग्रज लेखकही घोटाळा करतात. ‘ओ’ हे संबोधन आहे. ते प्रार्थनेत व काव्यात येते, मोठ्या लिपीतील एकाच अक्षराने लिहिले जाते आणि त्याच्या व पुढील नावाच्या मध्ये स्वल्पविराम येत नाही. ‘ओह’ हा मनोविकार आहे. तो आश्चर्याचा, दुःखाचा किंवा नुसता ‘असं होय!’ एवढ्याचाही असू शकतो, आणि त्याच्यानंतर बोलणारा क्षणभर थांबतो, म्हणून तेथे विरामचिन्ह येते. भेद सूक्ष्म आहे. परंतु समोर कोण आहे हे ह्या दोहोंपैकी एकही शब्द सांगत नाही. राजा असो, रस्त्यावरचा मुलगा असो, देव असो की वाऱ्याची झुळूक असो, ‘ओ’ तो ‘ओ’च.

आमच्याकडे पाहावे तर ‘अरे’, ‘अगं’ आणि ‘अहो’. व्याकरणकार म्हणतात अव्ययाला लिंग नाही. येथे तर लिंगही आहे आणि मानही आहे! दूरध्वनीवर कोणी बोलत असता शेजारच्या खोलीतून त्याचा पहिला शब्द ऐकू आला तरी पलीकडे पुरुष आहे की स्त्री, बरोबरीचा आहे की वडीलधारा, हे ताडता येते. त्यातही गंमत अशी की आईला ‘अगं आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारी घरे आपल्यांत पुष्कळ होती व अजूनही आहेत. आईविषयीचा आदर कमी होता म्हणून तसे म्हणत, असे कोण म्हणेल? जवळीक कोणाशी आणि अंतर कोणाशी, हे त्या दोन अव्ययांनी सांगून टाकले होते. आणि नवऱ्याचे नाव न घेण्याच्या काळात तर ‘अहो’ हा उद्गार राहिलाच नाही. तो नामाच्या पदवीला चढला. ‘आमचे अहो’ ह्या प्रयोगाला इंग्रजीत भाषांतर नाही.

ईश्वराच्या नावाचे उद्गार तर दोन्ही समाजांत अगदी पाठमोरे उभे आहेत. बायबलमधील दहा आज्ञांत ईश्वराचे नाव व्यर्थ उच्चारू नये अशी एक आज्ञा आहे. त्यामुळे भाविक इंग्रजाला चकित होतानाही ‘गॉड’ म्हणण्याचा संकोच वाटे, आणि ते नाव तोंडातल्या तोंडात मोडून त्याने ‘गॉश’, ‘गॉली’ असे शब्द बनविले. जुन्या नाटकांत आढळणारा ‘झाउंड्स’ हा शब्द म्हणजे ‘ईश्वराच्या जखमांची शपथ’ ह्या शब्दसमूहाचा असाच मोडून घेतलेला अवशेष. १६०६ साली तर तेथे कायदाच झाला की, रंगभूमीवर जो थट्टेने किंवा अनादराने ईश्वराचे नाव घेईल त्याला दर अपराधास दहा पौंड दंड व्हावा. शेक्सपिअर त्या वेळी हयात होता आणि लिहीत होता.

आपल्याकडे ह्याच्या उलट. अजामिळाने मरतेसमयी हाक मारली ती आपल्या मुलाला. त्या मुलाचे नाव नारायण होते एवढ्यावर त्याचा उद्धार झाला, असे भागवत सांगते. नाम व्यर्थ जातच नाही, अशी जेथे श्रद्धा, तेथे वीट आला की ‘राम राम’, किळस आली की ‘शिव शिव’, दम लागला की ‘हरे राम’ आणि भाजी करपली की ‘अरे देवा!’ असे म्हणण्यात पुण्यच गाठीला बांधले जाणार! आता आमच्या घरातील नाती ‘ओ माय गॉड’ म्हणतात तेव्हा त्यांना दंडाचेही भय नसते आणि पुण्याचीही आशा नसते. तो उद्गार त्यांच्यापर्यंत दोन्ही बाजूंचे मोल गमावून पोचलेला असतो. मात्र अशा मुलीने उद्या परदेशी एखाद्या वृद्ध व धर्मनिष्ठ बाईंच्या घरी तो उद्गार काढला आणि बाईंच्या कपाळावर आठी उमटली, तर तिचे कारण तिला ठाऊक असावे, एवढेच मला वाटते.

भेटीच्या व निरोपाच्या शब्दांची हकिगतही मनोरंजक आहे. ‘हॅलो’ हा शब्द दूरध्वनीच्या आधी मुख्यतः आश्चर्याचा किंवा लक्ष वेधून घेण्याचा उद्गार होता. १८७७ साली एडिसनने दूरध्वनीवर आरंभी हाच शब्द वापरावा अशी सूचना केली. बेल साहेबांना खलाशांची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती, पण जगाने एडिसनचे ऐकले. ‘गुड बाय’ हा तर मुळात आशीर्वाद आहे. ‘ईश्वर तुमच्या सोबत असो’ हे इंग्रजी वाक्य झिजत झिजत त्याचा एवढा तुकडा उरला, आणि ‘गुड डे’ वगैरेंच्या सहवासाने त्यातील ईश्वराच्या जागी ‘गुड’ येऊन बसला. आपण निरोप घेताना ‘येतो’ म्हणतो. जाणारा मनुष्य ‘येतो’ म्हणतो ह्याचे परकीयांना मोठे नवल वाटते. ‘जातो’ हा शब्द उंबरठ्यावर अशुभ मानला गेला, आणि त्यामुळे आमचा प्रत्येक निरोप परत येण्याचे वचन होऊन बसला. इंग्रजाने जाणाऱ्याला देवाच्या हवाली केले. आम्ही त्याच्याकडून परतण्याचा शब्द घेतला.

‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’ ह्या दोन शब्दांवरून आपल्या लोकांना परदेशात पुष्कळ बोलणी खावी लागतात. मराठी मनुष्य उद्धट असतो म्हणून हे शब्द गाळतो असे नाही. त्याच्या भाषेत ती नम्रता वेगळ्या शब्दांत ठेवलेली नसून क्रियापदात मुरलेली असते. ‘जरा पाणी देतेस?’ ह्या तीन शब्दांत विनंती आहे, आर्जव आहे आणि नकार देण्याची मोकळीकही आहे. तेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले की नम्रता सीमेवरच गळून पडते आणि उरते ती आज्ञा. उलट ‘कृपया’ हा शब्द आमच्या घरी कोणी वापरीत नाही. तो आगगाडीच्या स्थानकावर आणि सरकारी फलकावर शोभतो. आभारांचेही तसेच. आईने पान वाढल्यावर ‘धन्यवाद’ म्हणणाऱ्या मुलाच्या कपाळाला ती हात लावून पाहील!

येथपर्यंत जे सांगितले त्यात फार तर थोडे हसे होते किंवा थोडा गैरसमज होतो. पण ‘सॉरी’ ह्या दोन अक्षरी शब्दाची गोष्ट वेगळी आहे. ‘एक्स्क्यूज मी’, ‘पार्डन’, ‘सॉरी’ आणि ‘अपॉलॉजी’ ह्या चारही शब्दांना आपल्याकडील पोर ‘माफ करा’ असा एकच अर्थ लावते. वस्तुतः त्यांची घराणी निराळी. ‘एक्स्क्यूज’ म्हणजे आरोपातून मोकळे करणे. तो शब्द बहुधा कृतीच्या आधी येतो. वाट मागताना, बोलण्यात व्यत्यय आणताना. ‘पार्डन’ म्हणजे अपराध सोडून देणे. परंतु ‘आय बेग युअर पार्डन’ हे एकच वाक्य स्वर बदलला की क्षमायाचना, ‘काय म्हणालात?’ आणि ‘हे आपण काय बोलता!’ असा संताप, ही तीनही कामे करते. आमच्या पिढीला शाळेत सभ्य म्हणून शिकविलेले नुसते ‘पार्डन?’ तर १९५४ साली ॲलन रॉस ह्या इंग्रज प्राध्यापकाने तेथील उच्चवर्गात न चालणाऱ्या शब्दांत घातले! वरच्या वर्गातले लोक तेथे सरळ ‘व्हॉट?’ म्हणतात. ‘अपॉलॉजी’ हा मूळ ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ बचावाचे भाषण. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसाने न्यायसभेपुढे केलेल्या ज्या भाषणाला प्लेटोच्या ग्रंथामुळे हे नाव मिळाले, त्यात तो क्षमा मुळीच मागत नाही.

आणि ‘सॉरी’? त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘वेदना’, ‘जखम’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे. दुखऱ्या अवयवाला इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात, तो ह्याचाच भाऊबंद. ‘मला सल वाटतो’ एवढेच तो शब्द मुळात सांगतो. तो सल आपल्या हातून झालेल्या चुकीचा असेल किंवा दुसऱ्यावर कोसळलेल्या दुःखाचाही असेल. हा दुसरा अर्थ आपल्याकडे आलाच नाही. आपण ‘सॉरी’ घेतला तो फक्त ‘चुकलो’ म्हणण्यापुरता. ह्या अर्ध्या उसनवारीची किंमत किती पडू शकते हे मी माझ्या आत्याच्या बाबतीत पाहिले.

आत्या आणि आतोबा मुलाकडे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात गेली होती. तेथे एका हिवाळी रात्री आतोबांच्या छातीत कळ आली. मुलाने त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले, आणि पहाटे एक तरुण डॉक्टर बाहेर आला, आत्यासमोर गुडघ्यावर बसला आणि दोन वेळा ‘आय ॲम सॉरी’ म्हणाला. आत्या जुनी मॅट्रिक. तेवढे तिला समजले. वर्षश्राद्ध झाले, आणखी तीन वर्षे गेली, पण तिने ह्याविषयी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. मुलाचा फोन आला की ती हवापाण्याचे बोले आणि लवकर ठेवून देई. तो इकडून कामाच्या गर्दीत आहे असे समजे. आम्ही तिकडून ती वयाने मिटत चालली असे समजत होतो.

एके दिवशी दुपारी ती मला म्हणाली, ‘‘अरे, तुझं सगळं आयुष्य इंग्रजीत गेलं. एक विचारू? तो डॉक्टर मला सॉरी म्हणाला. दोनदा म्हणाला. चुकल्याशिवाय कोणी क्षमा मागतं का? काय चुकलं असेल रे त्याचं?’’

मी विचारले, ‘‘हे तू त्याला, तुझ्या मुलाला, कधी बोलली नाहीस?’’

‘‘कशी बोलू? दवाखाना त्यानंच निवडला होता. त्याच्या जिवाला लागलं असतं.’’

चार वर्षे! एका शब्दाचा एक अर्थ ठाऊक आणि दुसरा ठाऊक नाही, एवढ्यावरून ह्या माउलीने पतीच्या मृत्यूचा संशय उरात बाळगला, आणि मुलाला त्याची आच लागू नये म्हणून मुलापासूनच दूर झाली. मी तिला म्हटले, ‘‘अगं आत्या, त्या शब्दाला तिकडे दोन अर्थ आहेत. कोणाचं माणूस गेलं की तिथे शेजारी, पोस्टमन, दुकानदार, सगळे हेच म्हणतात. त्यांनी का कोणी मारलेलं असतं? ‘तुमचं दुःख मला सलतं’ एवढंच त्यात असतं.’’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, ‘‘म्हणजे तो ‘अरेरे’ म्हणाला होय!’’

इतक्या वर्षांत ‘सॉरी’चे ह्याहून अचूक भाषांतर माझ्या पाहण्यात आलेले नाही. त्याच रात्री तिने मुलाला आपण होऊन फोन लावला, आणि तो तासभर चालला.

ह्यावरून कोणी असे समजू नये की हा घोटाळा केवळ आपल्यासारख्या परभाषिकांचा आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाही ‘सॉरी’च्या ह्या दोन अर्थांनी न्यायालयापर्यंत छळले. अपराधाची कबुली धरली जाईल ह्या भीतीने सहानुभूतीचा शब्द उच्चारण्यासही माणसे कचरू लागली, तेव्हा कायद्याला मध्ये पडावे लागले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली व ऑन्टारियोने २००९ साली खास ‘अपॉलॉजी ॲक्ट’ केला आणि दिलगिरीचे शब्द ही दोषाची कबुली समजू नये असे ठरविले. इंग्लंडमध्येही २००६ च्या नुकसानभरपाईविषयक कायद्यात दिलगिरी म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली होत नाही असे कलम घातले गेले. माणसाला माणसाजवळ हळहळता यावे म्हणून कायदेमंडळांना बसावे लागले, हा ह्या एका शब्दाचा प्रताप!

आपल्या भाषेने मात्र ह्या दोन गोष्टी पूर्वीच वेगळ्या ठेवल्या होत्या. दुसऱ्याचे दुःख ऐकले की ‘अरेरे’ किंवा ‘फार वाईट झालं’. आपली चूक असली की ‘चुकलो’. वडीलधाऱ्यांपुढे ‘क्षमा असावी’. परक्याला ‘माफ करा’. आणि चुकून कोणाला पाय लागला तर शब्दच नाही. वाकून हात लावावयाचा आणि तो आपल्या डोळ्यांना लावावयाचा. लहान मूलही न बोलता हे करी, आणि ज्याला पाय लागला तो ‘असू दे, असू दे’ म्हणे. आता ह्या साऱ्यांच्या जागी एकच ‘सॉरी’ आले आहे. पाय लागला, सॉरी. कप फुटला, सॉरी. वचन मोडले, सॉरी. स्वतः चुकलेला आणि दुसऱ्यासाठी हळहळणारा, दोघेही एकाच शब्दाच्या आडोशाला उभे राहतात, आणि ऐकणाऱ्याने त्यांतला कोणता ते ओळखावयाचे.

इंग्रजी शब्द घरात येऊ देऊ नयेत, असा सोवळेपणा मी सांगत नाही. ज्या भाषेने मला आयुष्यभर अन्न दिले तिच्याशी मी असा कृतघ्न होणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, परका शब्द घ्यावयाचा तर अर्धा घेऊ नये. मुलांना ‘सॉरी’ शिकविताना त्याचा दुसरा अर्थही सांगावा. त्यांना पुढे दूरदेशी राहावयाचे आहे, आणि तेथे कोणी त्यांच्या दुःखात तो शब्द उच्चारील तेव्हा त्यांनी तो ओळखला पाहिजे. आणि त्याबरोबरच ‘चुकलो’ हा शब्दही त्यांच्या ओठांवर राहू द्यावा. तो उच्चारावयास थोडा जड जातो हे खरे; पण चूक कबूल करण्याच्या शब्दाने जडच असावे. आपल्या ओळखीच्या घरी दुःखद प्रसंग घडला म्हणजे तर भ्रमणध्वनीवर दोन इंग्रजी अक्षरे पाठवून मोकळे होऊ नये. जाऊन बसावे, काही सुचले नाही तर ‘अरेरे’ म्हणावे. त्या शब्दाला व्याकरणात शेवटची जागा असली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात तो पुष्कळ वरच्या जागी जाऊन बसतो.